गाडी पंधरा वर्षांची, नकाशा किती वर्षांचा?

खासगी गाडीची नोंदणी आपल्याकडे पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी होते. पुढे गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. नीट सांभाळलेलं इंजिन तेवढी वर्षं सहज चालतं. त्याच गाडीच्या डॅशबोर्डमधला नकाशा मात्र साधारण पाच-सात वर्षांत मागे पडतो. टॉप मॉडेल घेताना ज्या टचस्क्रीनसाठी आपण जास्तीचे पैसे मोजले, तिच्यावर नवा पूल दिसत नाही, नवा महामार्ग सापडत नाही आणि एक दिवस सर्व्हिस सेंटरमधून उत्तर येतं, "साहेब, नवा नकाशा तुमच्या सिस्टीममध्ये बसत नाही, जागा पुरत नाही."

हे ऐकून बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण रागाने सिस्टीमच काढून बाजारातला अँड्रॉइड स्टिरिओ बसवतात. बाकीचे त्या नकाशाकडे कायमचं दुर्लक्ष करतात. दोन्हींत नुकसान आहे. आधी जागा नेमकी कुठे आणि का संपते ते समजून घेऊ, मग पैसे कशावर घालायचे आणि कशावर नाही ते ठरवता येईल.

जागा का संपते?

गाडीतला नकाशा सुरुवातीपासून जागेच्या मर्यादेतच वाढला आहे. होंडाने १९८१ साली गाडीत बसवलेल्या यंत्रात उपग्रहाचा संबंधच नव्हता. त्यात पारदर्शक फिल्मवर छापलेले नकाशे वापरले जात. १९८५ मध्ये अमेरिकेत इटॅक कंपनीने नकाशे कॅसेटवर आणले. एका कॅसेटमध्ये मोठं शहरही मावत नसल्यामुळे गाडी पुढे गेली की कॅसेट बदलावी लागे. १९८७ च्या टोयोटा क्राउनमध्ये नकाशा सीडीवर आला, नंतर डीव्हीडीवर, मग हार्ड डिस्कवर, आणि आता तो एसडी कार्डावर किंवा सिस्टीमच्या आतल्या चिपवर असतो. साधन दर वेळी बदललं, पण एक गोष्ट तशीच राहिली. गाडी कारखान्यातून निघताना जी जागा ठरली, तीच गाडी असेपर्यंत राहते. नकाशा मात्र दरवर्षी फुगतो.

तो फुगतो ते केवळ रस्ते वाढले म्हणून नव्हे. रस्त्यांच्या रेषांना तुलनेने कमी जागा लागते. पेट्रोल पंप, हॉटेलं, एटीएम आणि दवाखान्यांची यादी, घरनंबरांपर्यंतचे पत्ते, मोठ्या चौकात कोणत्या लेनमध्ये राहायचं ते दाखवणारी चित्रं, इमारतींचे उठावदार आकार, डझनभर भाषांतले आवाज आणि हे सगळं चटकन शोधता यावं म्हणून केलेली अनुक्रमणिका, या गोष्टी जागा खातात. म्हणून जागा कमी पडली तर पहिला उपाय हाच की जे लागत नाही ते काढावं. काही कंपन्यांच्या अपडेटच्या सॉफ्टवेअरमध्ये देश, आवाज, त्रिमितीय इमारती वगैरे निवडण्याची किंवा वगळण्याची सोय असते. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे विशेष उपयोगी आहे. पूर्ण युरोपचा नकाशा जुन्या सिस्टीममध्ये मावत नसेल, तर आपण जिथे खरोखर गाडी नेतो तेवढेच देश ठेवले की काम भागतं. भारताचा नकाशा बहुधा एकगठ्ठा येतो, त्यामुळे इथे आवाज आणि चित्रं काढण्यापलीकडे फारसा वाव नसतो.

मग मोठं कार्ड घातलं तर? हा प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो, आणि इथेच लोकांचे पैसे वाया जातात. कार्ड दिसायला एकसारखी असली तरी त्यांच्या पिढ्या वेगळ्या आहेत. पहिल्या पिढीची साधी एसडी कार्ड २ जीबीपर्यंतची. २००६ मध्ये आलेली एसडीएचसी कार्ड ३२ जीबीपर्यंतची. त्यापुढची, म्हणजे ६४ जीबी आणि अधिक, एसडीएक्ससी या नावाची. जुन्या सिस्टीमचा कार्डवाचक ३२ जीबीपर्यंतच ओळखण्यासाठी बनवलेला असेल, तर ६४ जीबीचं कार्ड तो वाचेलच याची खात्री नाही. दुसरी अडचण फाइलच्या मांडणीची. अशा सिस्टीम्स बहुधा फॅट-३२ पद्धतीची मांडणी वापरतात आणि तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. कार्डावर २० जीबी रिकामे असले तरी ५ जीबीची एक फाइल तिथे उतरणार नाही, आणि "जागा नाही" असा संदेश येईल. म्हणून कार्ड किंवा पेनड्राइव्ह तयार करताना मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीनेच फॉरमॅट करा. संगणक स्वतःहून सुचवेल त्या पद्धतीने नको.

तिसरी अडचण सर्वांत त्रासदायक. अनेक कंपन्यांचा नकाशा मूळ कार्डाशी बांधलेला असतो. प्रत्येक एसडी कार्डात कारखान्यातच एक ओळखक्रमांक कोरलेला असतो, तो सामान्य संगणकावरून बदलता येत नाही. सिस्टीम नकाशा उघडण्याआधी तो क्रमांक तपासते. त्यामुळे कार्डावरचं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या कार्डावर उतरवलं तरी नकाशा उघडत नाही. तुमच्या गाडीत असं असेल तर मूळ कार्ड म्हणजे गाडीचा एक सुटा भागच समजा. गाणी भरायला ते काढू नका, सर्व्हिसिंगला गाडी देताना ते आत आहे अशी जॉबकार्डावर नोंद करून घ्या, आणि गाडी परत घेताना नकाशा उघडून बघा. हरवलं तर नवं अधिकृत कार्डच घ्यावं लागतं. तरीही त्यातल्या मजकुराची एक प्रत संगणकावर ठेवाच. कार्ड तेच राहून फाइल बिघडली, तर ती प्रत त्याच कार्डावर परत टाकता येते.

आणि समजा जागेचा प्रश्न सुटला. तरी जुन्या सिस्टीमचा प्रोसेसर आणि रॅम तेवढेच असतात. नकाशा दुप्पट मोठा झाला की पत्ता शोधायला वेळ लागतो, चौक येऊन गेल्यावर "आता डावीकडे वळा" असं ऐकू येतं. कंपन्या जुन्या मॉडेलना अपडेट देणं थांबवतात त्यामागे हे खरं तांत्रिक कारण असतं. अर्थात त्यामागे खर्चाचा हिशेबही असतो. टॉमटॉम या नकाशाकंपनीने जानेवारी २०१८ मध्ये आपल्या काही जुन्या यंत्रांना नकाशे देणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण नव्या नकाशांना लागणारी क्षमता त्या यंत्रांत नव्हती. त्यातल्या काहींसोबत ग्राहकांना "लाइफटाइम" नकाशे विकले होते. कंपनीचं म्हणणं असं होतं की लाइफटाइम म्हणजे त्या यंत्राचं उपयुक्त आयुष्य. ग्राहक चिडले, आणि ते चिडणं योग्यच होतं. शोरूममध्ये तुम्हाला कोणी लाइफटाइम नकाशे सांगितले, तर "कोणाचं लाइफ, माझं, गाडीचं की सिस्टीमचं?" हे विचारून उत्तर लेखी घ्या.

तुमचा नकाशा कोणत्या सालचा?

सेटिंग्जमध्ये "सिस्टीम इन्फर्मेशन" किंवा "मॅप व्हर्जन" असं एक पान असतं. तिथलं साल बघा, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. नकाशा बाजारात येतो त्याच्या बऱ्याच आधी त्यातली माहिती गोळा झालेली असते. त्यापेक्षा एक सोपी परीक्षा आहे. ज्या रस्त्यांची सुरू होण्याची तारीख ठाऊक आहे, ते नकाशात शोधा.

पुण्याच्या चांदणी चौकापासून सुरुवात करा. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि नव्या उड्डाणपुलांची रचना ऑगस्ट २०२३ मध्ये खुली झाली. तुमची स्क्रीन अजून जुनाच पूल दाखवत असेल, तर नकाशा त्याआधीचा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, शिर्डी ते भरवीर मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी मार्च २०२४ मध्ये आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. म्हणजे ७०१ किलोमीटरचा हा एकच रस्ता कुठपर्यंत जातो त्यावरून नकाशाचं वय कळतं. शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू जानेवारी २०२४ चा, मुंबईच्या किनारी रस्त्याचा पहिला भाग मार्च २०२४ चा. गोव्याला जाणाऱ्यांनी मोपाचा विमानतळ शोधावा, तिथून उड्डाणं जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाली.

रस्ता दिसतो तेवढ्यावर थांबू नका, त्या रस्त्यावरून मार्ग आखायला सांगा. बांधकाम चालू असलेला रस्ता काही नकाशांत आधीच तुटक रेषेने काढलेला असतो, पण सिस्टीम त्यावरून नेत नाही. पनवेल ते शिवडी असा मार्ग मागितल्यावर ती वाशीच्या पुलावरूनच नेत असेल, तर अटल सेतू तिच्या लेखी अजून नाही. टोल टाळण्याचा पर्याय बंद आहे ना, तेवढं मात्र आधी बघून घ्या.

गावांच्या नावांचीही अशीच तपासणी करा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये, अहिल्यानगर २०२४ मध्ये अधिकृत झालं. जुन्या नकाशात ती सापडणार नाहीत, तिथे जुनं नाव टाकूनच शोधावं लागेल. शिवाय बऱ्याच सिस्टीम्स फक्त इंग्रजी अक्षरं घेतात. वाई हे गाव डब्ल्यूने लिहिलंय की व्हीने, हे प्रत्येक नकाशात वेगळं असू शकतं. नाव सापडलं नाही म्हणून गावच नाही असं समजू नका, दुसरं स्पेलिंग टाकून बघा.

यापेक्षा खात्रीची युक्ती म्हणजे अक्षांश-रेखांश. मोबाइलच्या नकाशात ठिकाणावर बोट दाबून धरलं की दोन दशांश आकडे दिसतात. बऱ्याच सिस्टीम्समध्ये हे आकडे टाकायची सोय असते, मात्र काही जुन्या सिस्टीम्स ते अंश, मिनिटं, सेकंद अशा रूपात मागतात. उदाहरणार्थ शनिवारवाडा: १८.५१९ आणि ७३.८५५. अंश १८. उरलेल्या ०.५१९ ला ६० ने गुणलं की ३१.१४, म्हणजे ३१ मिनिटं. उरलेल्या ०.१४ ला पुन्हा ६० ने गुणलं की सुमारे ८ सेकंद. तसंच दुसऱ्या आकड्याचं ७३ अंश, ५१ मिनिटं, १८ सेकंद. ज्या नव्या वस्तीचं नाव जुन्या नकाशात नाही, तिच्या जवळच्या रस्त्यापर्यंत सिस्टीम अशी नेऊन सोडते.

नकाशा ठीक, पण घड्याळ चुकलं

जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत आणि इतरत्र अनेक होंडा आणि ॲक्युरा गाड्यांच्या घड्याळांनी अचानक २००२ साल दाखवायला सुरुवात केली. साधारण २००४ ते २०१२ च्या दरम्यानची, नॅव्हिगेशन असलेली ही मॉडेल्स होती. तिथल्या मराठी कुटुंबांतही अशा गाड्या कमी नाहीत. लोकांनी बॅटरी काढून बघितली, फ्यूज बदलले, काही उपयोग झाला नाही. ऑगस्टमध्ये ते आपोआप दुरुस्त होईल असं कंपनीने सांगितलं.

यामागे जीपीएसची आठवडे मोजण्याची पद्धत आहे. उपग्रह काळ सांगतात तो ६ जानेवारी १९८० पासूनच्या आठवड्यांत, आणि मूळ संदेशात त्या आकड्यासाठी जागा आहे फक्त १,०२४ आठवड्यांची. म्हणजे १९ वर्षं आणि सात-साडेसात महिने. त्यानंतर मोजणी पुन्हा शून्यावर येते. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, एप्रिल २०१९ मध्ये झालं, आणि पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. काही यंत्रांत मोजणीची सुरुवात कंपनीने आपल्या सोयीच्या तारखेपासून धरलेली असते, त्यामुळे त्यांचा घोळ वेगळ्याच दिवशी उघडा पडतो. तारीख वीसेक वर्षं मागे गेलेली दिसली, तर वायरिंगवर खर्च करू नका. सर्व्हिस सेंटरला सिस्टीमचं सॉफ्टवेअर अपडेट आहे का ते विचारा. आणि ज्यांनी गाडीची पुढची वीस वर्षं गृहीत धरली आहेत, त्यांनी २०३८ लक्षात ठेवावं.

आतली चिपही झिजते. हे फार कमी जणांना माहीत असतं. सिस्टीमच्या फ्लॅश मेमरीवर किती वेळा लिहायचं याला मर्यादा असते. टेस्लाच्या २०१८ पर्यंतच्या काही मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांत ८ जीबीची चिप होती आणि तिच्यावर नोंदी सतत लिहिल्या जात होत्या. चिप झिजली की पडदा बंद पडायचा आणि त्याबरोबर मागे घेताना लागणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्रही जायचं. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने दखल घेतल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. आपल्या गाडीत स्क्रीन वारंवार स्वतःहून बंद-चालू होत असेल, सेटिंग्ज विसरत असेल, तर नकाशाचं अपडेट टाकण्याआधी मेमरी तपासून घ्या. मरणपंथाला लागलेल्या चिपवर मोठं अपडेट लिहायला घेतलं, तर उरलीसुरली सिस्टीमही अर्ध्यात बंद पडू शकते.

ज्यांच्या गाडीत सिमकार्ड आहे, त्यांचा एक प्रश्न वेगळा. वाहतुकीची ताजी माहिती, हवामान, ठिकाणांचा शोध हे सगळं मोबाइल नेटवर्कवरून येतं. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं तेव्हा अनेक गाड्यांच्या या सेवा कायमच्या गेल्या. आपल्याकडेही बहुतेक कंपन्यांनी थ्रीजी गुंडाळलं आहे. जुनी कनेक्टेड गाडी घेताना तिचं मॉडेम फोरजीचं आहे का आणि सेवेची वर्गणी कधीपर्यंत भरलेली आहे, या दोन गोष्टी विचाराच.

अपडेटवर पैसे घालावेत का?

माझं मत स्पष्ट आहे. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल आणि अपडेट मोफत असेल, तर दरवर्षी करा, आळस करू नका. बऱ्याच कंपन्या पहिली काही वर्षं नकाशे मोफत देतात आणि अनेक मालक ती मुदत न वापरताच घालवतात. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवा आणि शेवटचं मोफत अपडेट पदरात पाडून घ्या. पाच ते आठ वर्षांच्या गाडीत पैसे भरण्याआधी विचारा: या नकाशातली माहिती कोणत्या सालची? माझ्या सिस्टीमच्या सॉफ्टवेअरवर तो चालतो का, की आधी सॉफ्टवेअर बदलावं लागेल? यानंतर आणखी अपडेट येणार आहे का? आणि बिघडलं तर जबाबदारी कोणाची? उत्तर "बघू" असं आलं तर पैसे भरू नका. आठ-दहा वर्षांपुढच्या गाडीत, माझ्या मते, विकतच्या नकाशावर खर्च करू नये. अपवाद फक्त सतत नेटवर्कबाहेर फिरणाऱ्यांचा.

स्टिरिओवाल्याकडे काहीशे रुपयांत "लेटेस्ट मॅप" टाकून मिळतो. तो चोरीचा असतो, आणि मुख्य म्हणजे तो टाकण्यासाठी सिस्टीमचं कुलूप तोडावं लागतं. त्यात सिस्टीम बंद पडली तर अधिकृत सर्व्हिस सेंटर हात वर करतं, आणि नव्या मूळ सिस्टीमची किंमत ऐकून घाम फुटतो. तिथे जाऊ नका.

अपडेट घरी करणार असाल तर काळजी घ्या. लिहिणं चालू असताना वीज तुटली की सिस्टीम निकामी होऊ शकते. एखाद-दोन तास लागू शकतात, म्हणून कमकुवत बॅटरीवर हे काम काढू नका. इंजिन चालू ठेवावं लागत असेल तर गाडी मोकळ्या जागेत ठेवा, बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये कदापि नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. पेनड्राइव्ह नामांकित कंपनीचा आणि पक्क्या बिलाचा घ्या. बनावट पेनड्राइव्ह आणि कार्ड ६४ जीबी सांगतात आणि आत ८ जीबीच असतात. फाइल उतरल्यासारखी दिसते, पण पुढचा भाग कोराच असतो. एचटूटेस्टडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून, परत वाचून खरी जागा किती ते सांगतं. त्याआधी कार्ड रिकामं करा, आणि गाडीच्या मूळ कार्डावर ही तपासणी करू नका.

मोबाइल आहे की!

बहुतेकांचं उत्तर हेच असतं, आणि रोजच्या शहरी प्रवासासाठी ते बरोबर आहे. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असलेल्या गाडीत मोबाइलचाच नकाशा मोठ्या स्क्रीनवर दिसतो. तो ताजा असतो आणि गर्दीही सांगतो. ही सोय नसेल तर चांगल्या होल्डरमध्ये मोबाइल लावा. एअरबॅग उघडण्याच्या जागेवर होल्डर नको. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार गाडी चालवताना मोबाइल फक्त मार्ग बघण्यासाठी, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतो. निघण्याआधी ठिकाण टाका, चालवताना टाइप करू नका.

तरी गाडीतल्या नकाशाला निकालात काढू नका. ताम्हिणी, वरंधा, आंबोली, माळशेज इथे नेटवर्क मध्येच जातं. मोबाइलवर आधी नकाशा उतरवून ठेवला नसेल तर स्क्रीनवरची मार्गाची रेघ तशीच गोठते. गाडीतल्या नकाशाला नेटवर्क लागतच नाही. त्याहून मोठी गोष्ट बोगद्यांची. समृद्धीवर इगतपुरीजवळचा जुळा बोगदा सुमारे आठ किलोमीटरचा आहे, आत उपग्रहाचा संदेश पोचत नाही. चांगली मूळ सिस्टीम चाकांच्या फेऱ्या आणि वळणाचा कोन मोजून गाडी कुठे आहे ते धरून ठेवते. मोबाइल तिथे बहुधा अंदाजावर असतो. विजेच्या गाड्यांत तर मूळ नकाशा बॅटरी किती उरेल आणि चार्जिंगला कुठे थांबावं हेही जोडून सांगतो. त्यामुळे अशा गाडीत नकाशाचं अपडेट चुकवणं परवडत नाही.

लांबच्या प्रवासाआधी मोबाइलवर त्या जिल्ह्यांचा ऑफलाइन नकाशा घरच्या वायफायवर उतरवा. गूगल मॅप्समधला असा नकाशा ठरावीक मुदतीनंतर बाद होतो, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी तो जिवंत आहे ना ते पाहा. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतात आणि पूर्ण ऑफलाइन चालतात. मॅपल्स हे भारतीय ॲपही वापरून पाहण्यासारखं आहे.

आणि कोणताही नकाशा, गाडीतला असो की मोबाइलमधला, पुढचा रस्ता खरोखर आहे याची हमी देत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ मोबाइलवरचा मार्ग धरून निघालेली गाडी रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा पुढचा भाग पुरात वाहून गेला होता, नकाशात तो शाबूत होता. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलाकडे एक गाडी अशीच रात्री गेली आणि एकाचा बुडून मृत्यू झाला. रात्री, पावसात, अनोळखी आडरस्त्यावर समोर गाड्यांची ये-जा दिसत नसेल तर थांबा. गावात जाऊन विचारा. हा सगळ्यात ताजा नकाशा आहे.

बाजारातला स्टिरिओ बसवायचाच असेल तर

वायर तोडून जोडणारा माणूस निवडू नका. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेला, कपलर टू कपलर बसणारा हार्नेस मागा, म्हणजे मूळ वायरिंगला हात लागत नाही. काढलेली मूळ सिस्टीम भंगारात न देता घरी जपून ठेवा, गाडी विकताना ती परत बसवता येते. स्टिअरिंगवरची बटणं, मागचा कॅमेरा, पार्किंग सेन्सर आणि असल्यास स्क्रीनमधून चालणारा एसी, हे सगळं दुकानातून निघण्याआधी चालवून बघा. गाडी वॉरंटीत असेल तर हा बदलच टाळा. स्वस्त स्टिरिओंत रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती सांगतात त्याहून कमी असण्याचे प्रकार सर्रास आढळतात. तो खर्च करूनही दोन-तीन वर्षांत तुम्ही पुन्हा तिथेच येता. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले नीट चालवणारा साधा, नामांकित कंपनीचा स्टिरिओ त्यापेक्षा टिकाऊ. त्यात नकाशा मोबाइलचा असतो, म्हणून तो शिळा होत नाही.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी माझा आग्रह एकच. केवळ मूळ नॅव्हिगेशनसाठी वरचं मॉडेल घेऊ नका. घेतलंच, तर नकाशाची अपडेट्स किती वर्षं, मोफत किती, त्यानंतर दर काय, आणि नकाशासाठी किती जीबी जागा राखून ठेवली आहे, हे बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. विक्रेता तोंडी सांगतो ते पाच वर्षांनी कुणालाच आठवत नाही. लिहून दिलेलं पाळलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या दुरुस्तीच्या हक्काच्या पोर्टलमध्ये वाहनक्षेत्रही आहे, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती तिथे बघावी.

सेकंडहँड गाडी घेताना कार्डाची खाच रिकामी नाही ना ते बघा, नकाशा उघडा आणि वर सांगितलेली परीक्षा तिथेच घ्या. नकाशा जुना निघाला किंवा कार्ड गायब असलं, तर तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागा. आणि आपली गाडी विकताना किल्ली देण्याआधी सिस्टीममधला "होम" पत्ता, मागची ठिकाणं, फोनबुक आणि जोडलेले मोबाइल पुसून फॅक्टरी रिसेट करा. मूळ कार्ड मात्र काढून घेऊ नका, ते गाडीबरोबरच द्या. तुमच्या दुसऱ्या कुठल्याही गाडीत ते बहुधा चालणार नाही.